आधी पाहा, मग बदला
(संगणकातली नोंद कशी सुधारावी?)

मंडळी, तुम्ही आता वाचायला लागलात. दूध घालून घरी येताना हातातल्या पावतीवरचं आपलं नाव तुम्हाला वाचता येतं. नावापुढचा आकडाही वाचता येतो. आणि मग एखाद्या दिवशी असं होतं, की आकडा वाचता वाचता पाय थबकतो. किटलीत दूध होतं पाच लिटर तीनशे मिली, म्हणजे ५.३. पावतीवर मात्र छापलंय ३.५! लिहिणाऱ्यानं आकडे उलटे टाकले.

पूर्वी हे आपल्याला कळलंच नसतं. आता कळलं. पण कळून भागत नाही. ती चूक सुधारायची कशी, हेही कळायला हवं. गावच्या दूध संस्थेची नोंद आता वहीत नसते, संगणकात असते. उद्या तुमच्यापैकीच कुणीतरी त्या संगणकासमोर बसणार आहे. तुमची सून बसेल, मुलगा बसेल, नाहीतर तुम्ही स्वतः बसाल. म्हणून हा धडा.

१. एकाच वहीचे दोन तक्ते

जुन्या वहीत काय असायचं? रोजच्या पानावर प्रत्येकाचं नाव, आळी, बँकेचं खातं, दूध किती, फॅट किती. नाव रोज लिहायचं, खातंही रोज लिहायचं. समजा, एखाद्या बाईच्या खात्याचा आकडा चुकला. मग तो किती ठिकाणी सुधारायचा? जितक्या पानांवर लिहिला तितक्या. त्यातलं एक पान जरी राहून गेलं, तरी वहीत दोन खाती झाली. खरं कोणतं, कोण सांगणार?

संगणकात ही वही दोन तक्त्यांत वाटून ठेवतात. पहिला तक्ता सभासदांचा. त्यात एका माणसाची एकच ओळ. ती अशी:

क्रमांक ४७ – लक्ष्मीबाई – वरची आळी – बँक खातं
क्रमांक ११२ – लक्ष्मीबाई – खालची आळी – बँक खातं

दुसरा तक्ता दुधाचा. त्यात नाव नाही, आळी नाही. फक्त सभासदाचा क्रमांक आहे:

नोंद ९०३ – सभासद ४७ – १२ तारीख – सकाळ – ३.५ लिटर
नोंद ९५८ – सभासद ४७ – १२ तारीख – संध्याकाळ – ४.१ लिटर

बिल करताना संगणक दुधाच्या तक्त्यातला ४७ वाचतो, सभासदांच्या तक्त्यात जाऊन ४७ कोण ते पाहतो, आणि दोन्ही जोडून कागद छापतो. म्हणून खात्याचा आकडा चुकला, तर तो एकाच ठिकाणी सुधारला की पुरे. पुढची सगळी बिलं आपोआप बरोबर निघतात.

अशा तक्त्यांच्या साठ्याला ‘रिलेशनल डेटाबेस’ म्हणतात. ही रीत एडगर कॉड नावाच्या गणितज्ञानं मांडली. तो मूळचा इंग्लंडचा. अमेरिकेत आयबीएम कंपनीत काम करताना त्यानं १९७० साली यावर एक लेख लिहिला. पुढं त्याच कंपनीतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या दोघांनी अशा तक्त्यांना प्रश्न विचारायची एक भाषा तयार केली. तिला एसक्यूएल म्हणतात. बँक, रेल्वेचं आरक्षण, दवाखाना, कितीतरी ठिकाणी आज याच रीतीनं नोंदी ठेवतात. तुमच्या खिशातल्या मोबाईलमध्येसुद्धा असे तक्ते असतात.

२. नावाला धरू नका, क्रमांकाला धरा

आता आपली चूक सुधारायला बसू. पहिला प्रश्न हा, की नेमकी कोणती ओळ सुधारायची?

‘लक्ष्मीबाईची ओळ,’ असं म्हणून चालणार नाही. गावात लक्ष्मीबाई दोन आहेत. एकीचं दूध वाढवायला जाल आणि दुसरीचंही वाढवून बसाल. नाव हाक मारायला चांगलं, हिशेबाला क्रमांकच लागतो. म्हणून आपली लक्ष्मीबाई म्हणजे ४७.

बरं, ४७ आणि १२ तारीख एवढं सांगितलं तर? तरीही पुरत नाही. त्या दिवशी तिनं दोन वेळा दूध घातलं आहे, सकाळी आणि संध्याकाळी. नुसती तारीख धरली तर दोन्ही ओळी बदलतील. संध्याकाळचे ४.१ बरोबर होते, ते फुकट बिघडतील.

दुधाच्या प्रत्येक ओळीला स्वतःचा एक क्रमांक दिलेला असतो. आपल्या ओळीचा आहे ९०३. हा क्रमांक साऱ्या तक्त्यात एकदाच येतो, दुसऱ्या कोणत्याही ओळीला तो मिळत नाही. यालाच ‘प्रायमरी की’ म्हणतात. ‘की’ म्हणजे किल्ली. या किल्लीनं एकच कुलूप उघडतं.

३. पाहायचं वाक्य आणि बदलायचं वाक्य

संगणकाला वाक्यात सांगावं लागतं. हे शब्द इंग्रजी आहेत आणि यंत्रावर इंग्रजी अक्षरांतच टंकायचे. इथं आपण ते आपल्या लिपीत लिहू. पहिलं वाक्य पाहायचं:

सिलेक्ट * फ्रॉम दूध व्हेअर नोंद = ९०३;

सिलेक्ट म्हणजे निवडून दाखव. चांदणीची खूण म्हणजे सगळे रकाने. फ्रॉम दूध म्हणजे दुधाच्या तक्त्यातून. व्हेअर म्हणजे ‘जिथं’. जिथं नोंदीचा क्रमांक ९०३ आहे, ती ओळ दाखव. या वाक्यानं काहीच बदलत नाही. दहा वेळा म्हणा, धोका नाही.

ओळ पडद्यावर आली. क्रमांक ४७, तारीख १२, वेळ सकाळ, ३.५ लिटर. हातातल्या पावतीशी ताडून पाहा. ओळ आपलीच आहे ना? एकच आहे ना? मगच दुसरं वाक्य:

अपडेट दूध सेट लिटर = ५.३ व्हेअर नोंद = ९०३;

अपडेट म्हणजे नोंद बदल. सेट म्हणजे या रकान्यात हे ठेव. शेवटी तेच व्हेअर आणि तोच ९०३. संगणक उत्तर देतो, ‘१ ओळ बदलली.’ पुन्हा पाहायचं वाक्य म्हणा. आता ५.३ दिसलं, की काम झालं.

हिशेब करून पाहू. दर फॅटवर ठरतो, पण सोपं जावं म्हणून लिटरला ४० रुपये धरू. ५.३ मधून ३.५ गेले, राहिले १.८ लिटर. त्याचे झाले ७२ रुपये. एका बाईचे, एका सकाळचे ७२ रुपये. मोठ्या माणसाला ही रक्कम लहान वाटेल. ज्या घरात एकच म्हैस आहे, त्या घराला विचारा.

४. आमच्या हातून काय झालं

वरच्या दुसऱ्या वाक्यात शेवटचे शब्द आहेत, ‘व्हेअर नोंद = ९०३’. हे शब्द लिहायचे राहिले तर काय होतं, ते आम्ही पुस्तकात वाचलं नाही. स्वतःच्या हातानं करून पाहिलं.

एका लहान दूध संस्थेला आम्ही नोंदीचे तक्ते बांधून दिले होते. काम नवं होतं. एका संध्याकाळी अशीच एक चूक सुधारायची होती. बाहेर माणसं रांगेत उभी, वीज जाण्याची भीती, आणि आम्ही घाईत. वाक्य लिहिलं, ‘अपडेट दूध सेट लिटर = ५.३’ आणि बटण दाबलं. व्हेअर राहून गेलं.

संगणकानं कुरकुर केली नाही. त्यानं विचारलंही नाही, की बाबांनो, नक्की का? त्याला वाटलं, सगळ्याच ओळी बदलायच्या आहेत. उत्तर आलं, हजाराच्या वर ओळी बदलल्या! बारा लिटर घालणाऱ्याचे झाले ५.३. दोन लिटर घालणारीचेही झाले ५.३. साऱ्या गावाच्या म्हशी एका क्षणात सारखं दूध द्यायला लागल्या.

आमच्या तोंडचं पाणी पळालं. सुदैवानं साठ्याची एक नक्कल काढून ठेवली होती. पण ती आठ दिवसांपूर्वीची. म्हणजे त्याआधीचं सगळं परत मिळालं. मधल्या आठ दिवसांचं दूध मात्र संगणकात नव्हतं. ते फक्त लोकांच्या घरातल्या पावत्यांवर होतं.

मग आम्ही दारोदार गेलो. चूक आमची आहे, असं सांगितलं आणि पावत्या मागितल्या. कुणी पावत्या डब्यात ठेवल्या होत्या, कुणी देवामागं, कुणी खिळ्याला टोचून. रात्री उशिरापर्यंत आम्ही एकेक ओळ पुन्हा भरली. सगळ्यांच्या पावत्या मिळाल्या. मिळाल्या नाहीत त्या एकाच मावशीच्या.

मावशी एकट्या राहतात. एक म्हैस, तेवढाच आधार. आम्ही पावत्या मागितल्या तर म्हणाल्या, “बाबांनो, मला कुठं वाचता येतंय? ती कागदं मी चुलीला लावते.”

“मग मावशी, तुमचं दूध किती होतं ते कसं कळायचं?”

“त्यात काय कळायचंय? सकाळी अडीच, सांजचं दोन. मंगळवारी वासरू सुटून प्यालं, म्हणून सकाळी एकच लिटर घातलं. बाकी रोज तेवढंच.”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मावशी खोटं बोलत नव्हत्या, हे दिसत होतं. पण नुसत्या सांगण्यावर नोंद कशी करायची? आज मावशींचं ऐकलं, उद्या दुसरा येईल आणि दहा लिटर सांगेल. शेवटी संस्थेच्या सचिवांना एक युक्ती सुचली. रोज दूध टँकरमध्ये जातं तेव्हा त्याचं एकूण माप चलनावर लिहिलेलं असतं. त्या एकूण दुधातून बाकी सगळ्यांच्या पावत्यांची बेरीज वजा करायची. उरेल ते मावशींचं.

आठ दिवसांची वजाबाकी केली. मापात थोडं इकडं तिकडं होतंच, ते धरून जवळजवळ अडीच आणि दोन. मंगळवारी सकाळी मात्र एक लिटर!

आम्ही आनंदानं मावशींना सांगायला गेलो. त्या म्हणाल्या, “मी खरं सांगितलं, हे तुम्हाला वजाबाकी करून कळलं होय?”

आम्ही काय बोलणार? मावशींचा शब्द खरा होता. लबाड ठरायची पाळी मात्र त्यांच्यावर आली होती, आणि ती आमच्या एका विसरलेल्या शब्दानं. पुढं त्या आमच्या वर्गात येऊ लागल्या. आता त्यांच्या पावत्या चुलीत जात नाहीत, पत्र्याच्या डब्यात जातात.

५. कच्चं आणि पक्कं

त्या रात्रीनंतर आम्ही एक गोष्ट शिकलो. खरं म्हणजे ती आधीच शिकायला हवी होती. संगणकात कच्चं काम करून पाहण्याची सोय असते. बदल करण्याआधी म्हणायचं:

बिगिन;

म्हणजे, आता सुरू करतो, पण हे पक्कं धरू नकोस. मग अपडेटचं वाक्य सांगायचं. किती ओळी बदलल्या ते वाचायचं. आपल्याला एक बदलायची होती आणि एकच बदलली, तर म्हणायचं:

कमिट;

म्हणजे पक्कं कर. पण एकाच्या जागी हजार ओळी बदललेल्या दिसल्या, तर घाबरायचं नाही. म्हणायचं:

रोलबॅक;

म्हणजे मागं फिर. बिगिन म्हटल्यापासून झालेलं सगळं पुसलं जातं आणि तक्ता पहिल्यासारखा होतो. बिगिन म्हटलं नसेल, तर पुष्कळ ठिकाणी प्रत्येक वाक्य तिथल्या तिथं पक्कं होतं. एकदा पक्कं झालं, की रोलबॅक उपयोगी पडत नाही. आमचं तेच झालं होतं. एक शब्द आधी म्हटला असता, तर एका शब्दानं सुटका झाली असती.

आणि नक्कल? ती रोज काढायची. ती त्याच संगणकात ठेवून उपयोग नाही. घराला आग लागली तर तिजोरी आणि किल्ली दोन्ही जळतील. नक्कल दुसऱ्या ठिकाणी ठेवायची.

६. रिकामं वेगळं, शून्य वेगळं

नवा माणूस आणखी दोन ठिकाणी चुकतो. तीही सांगून ठेवतो.

एखाद्या ओळीत लिटरचा रकाना रिकामा दिसतो. तिथं उगाच शून्य भरू नका. शून्य म्हणजे दूध घातलंच नाही. रिकामं म्हणजे किती घातलं ते अजून कळलेलं नाही. कळलं नसेल तर रिकामंच राहू द्या आणि चौकशी करा. अंदाजानं भरलेला आकडा खऱ्या आकड्यासारखाच दिसतो, म्हणून तो जास्त वाईट.

दुसरं, काढून टाकण्याची घाई करू नका. त्यासाठी डिलीट असं वाक्य आहे. समजा, ११२ क्रमांकाच्या लक्ष्मीबाई लेकाकडे शहरात राहायला गेल्या. आता दूध घालत नाहीत. म्हणून सभासदांच्या तक्त्यातून त्यांची ओळ काढली, तर त्यांनी मागं घातलेल्या दुधाच्या नोंदी पोरक्या होतील. ११२ कोण, हे कुणालाच सांगता येणार नाही. तक्ते नीट बांधले असतील तर संगणकच अडवतो, ‘या क्रमांकाच्या नोंदी दुसऱ्या तक्त्यात आहेत, ही ओळ काढता येणार नाही.’ तो अडवतो तेव्हा रागावू नका. ओळ राहू द्या. तिच्यापुढं एका रकान्यात ‘बंद’ असं लिहा.

७. फेरफाराची जुनी रीत

आता शेवटची गोष्ट. आपण ३.५ चे ५.३ केले. ठीक झालं. पण सहा महिन्यांनी कुणी विचारलं, ‘हा आकडा कुणी बदलला? का बदलला?’ तर काय सांगणार? अपडेट केल्यावर जुना आकडा तक्त्यात उरत नाही. कोरी पाटी.

याचं उत्तर आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. सातबारा आठवा. हातानं लिहिलेल्या सातबाऱ्यावर जुन्या मालकाचं नाव खरवडून काढत नसत. त्या नावाला कंस करत. खाली नवं नाव लिहीत आणि शेजारी गोलात फेरफाराचा क्रमांक घालत. तो क्रमांक घेऊन गाव नमुना ६ च्या फेरफार वहीत गेलं, की सगळी हकीकत सापडे. खरेदी झाली, की वाटणी, की वारसाची नोंद, सगळं तिथं लिहिलेलं असे. आता सातबारा संगणकावर आला, तरी फेरफाराचा क्रमांक सुटलेला नाही.

कायद्यानंही चूक दुरुस्त करण्याची वाट ठेवली आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ यातलं कलम १५५ त्यासाठीच आहे. लिहिण्यातली चूक, किंवा ज्यांचा संबंध आहे त्या सगळ्यांना मान्य असलेली चूक, या कलमाखाली दुरुस्त होते. पण अधिकाऱ्याला स्वतःच्या तपासणीत चूक दिसली, तर संबंधितांना नोटीस द्यावी लागते आणि त्यांच्या हरकती ऐकाव्या लागतात. मगच हात लावायचा. कारण सरळ आहे. नोंद कागदावर असते, पण ती कुणाची तरी जमीन असते.

हीच रीत दुधाच्या तक्त्याला लावा. ‘दुरुस्ती’ नावाचा तिसरा तक्ता करा. त्यात लिहा: नोंद ९०३, जुना आकडा ३.५, नवा आकडा ५.३, कारण ‘आकडे उलटे पडले, पावती आणि किटली पाहिली’, दुरुस्त करणाऱ्याचं नाव, तारीख. आणि ज्याची नोंद बदलली त्याला सांगा. बदल त्याच्या फायद्याचा असला तरी सांगा, तोट्याचा असला तर आधी सांगा.

चूक कुणाच्याही हातून होते. चूक झाकली तर विश्वास जातो. उजेडात सुधारली तर विश्वास वाढतो. आणि आकडा बदलायला बसाल तेव्हा एवढं मनात असू द्या, की पलीकडे कुणीतरी किटली घेऊन उभं आहे.

ध्यानात ठेवा

१. नक्कल काढल्याशिवाय हात लावू नका.
२. आधी सिलेक्ट, मग अपडेट.
३. व्हेअर विसरू नका. नाव नको, क्रमांक लिहा.
४. बिगिन म्हणा. ओळी मोजा. मगच कमिट म्हणा.
५. जुना आकडा, नवा आकडा आणि कारण दुरुस्तीच्या तक्त्यात लिहा.

विचार करा आणि सांगा

१. सभासदाचं नाव दुधाच्या तक्त्यात का लिहीत नाहीत?
२. ‘४७ क्रमांक, १२ तारीख’ एवढं सांगितलं तर कोणती चूक होईल?
३. मावशींचं दूध किती होतं ते सचिवांनी कसं शोधलं? ही युक्ती दोन घरांच्या पावत्या हरवल्या असत्या तर चालली असती का?
४. तुमच्या घरातली शेवटची दुधाची पावती काढा. तिच्यावर आपला सभासद क्रमांक कुठं आहे, तो शोधा आणि वहीत लिहा.